ओरडणारी मजुरी

मननासाठीं शास्त्रभाग : याकोब ५:१-६, अनुवाद २४:१४-१५, लूक १८:१-८



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत बहुतेक सभासद मजुरीवर पोट भरणारे आहेत. कोणी ऊंसतोडीस जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी कापसाच्या जिनांत, तर कोणी गवंड्याच्या हाताखालीं राबतो. अशा मंडळीपुढें उभे राहून आम्ही पाळक लोक कष्ट, धीर व संतोष या विषयांवर पुष्कळ बोलतों. परंतु केलेल्या कामाची मजुरी धन्यानें दिली नाहीं, तर ख्रिस्ती माणसानें काय करावें, याविषयीं आम्ही क्वचितच बोलतों. कोणी येऊन विचारलेंच, तर "जाऊं द्या, देव पाहील," असें सांगून त्यास परत पाठवितों. मींही एकदां असेंच सांगितलें. त्या सांगण्याचें फळ काय झालें, तें मी पुढें कबूल करणार आहें. आधीं पवित्र शास्त्र काय शिकवितें तें पाहूं.

१. मजुरी अडविणें हें देवाविरुद्ध पाप आहे

याकोब आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत धनवान जमीनदारांस उद्देशून लिहितो. त्यांच्या शेतांतील पीक कापून झालें, कोठारें भरलीं, परंतु कापणाऱ्यांची मजुरी धन्याच्या घरींच राहिली. ती अडवून ठेवलेली मजुरीच ओरडत आहे आणि तिची हाक सेनाधीश परमेश्वरापर्यंत पोंचली आहे, असें याकोब म्हणतो. मजूर थकून गप्प बसला असेल, भिऊन गप्प बसला असेल, त्यास लिहितांवाचतां येत नसेल. पण तो पैसा गप्प बसत नाहीं. हाबेलाच्या रक्तानें जमिनींतून देवाकडे हाक मारिली, तशी ही मजुरी धन्याच्या पेटींतून हाक मारीत असते.

हें शिक्षण याकोबानें नवें काढिलें नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांतच तें आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशीं ठेवूं नये, असें लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनांत सांगितलें आहे. त्याच अध्यायांत, अवघीं पांच वचनें पुढें, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीति करण्याची ती सुप्रसिद्ध आज्ञा आहे. दुसरी आज्ञा आम्ही लेकरांस तोंडपाठ करवितों. पहिली कोणास पाठ आहे? अनुवादांत तर याचें कारणही दिलें आहे. मजूर गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वीं ती त्याच्या हातीं पडावी. तो मजूर आपल्या जातीचा असो वा परदेशी उपरी असो, आज्ञा एकच. ज्याच्या घरीं धान्याची कणगी आहे, त्यास एका दिवसाचा उशीर म्हणजे कांहींच नाहीं. ज्याच्या घरीं संध्याकाळचें पीठ त्या मजुरीनें यावयाचें आहे, त्यास एका दिवसाचा उशीर म्हणजे एका दिवसाचा उपास होय.

यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायांत यहोयाकीम राजाची गोष्ट आहे. त्यानें प्रशस्त माड्या बांधिल्या, मोठ्या खिडक्या पाडिल्या, गंधसरूचीं तक्तपोशी केली व हिंगुळाचा रंग दिला. आणि बांधणाऱ्यांस मजुरी दिली नाहीं. संदेष्टा त्यास त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो. योशीयाही खातपीत होता, परंतु तो गरिबांच्या वादांत त्यांच्या बाजूनें न्याय करीत असे. आणि देवाला ओळखणें म्हणतात तें हेंच, असें परमेश्वर तेथें सांगतो. मलाखी संदेष्टा मजुरीच्या बाबतींत मजुरास नाडणाऱ्याला जादूगार, व्यभिचारी व खोटी शपथ वाहणारे यांच्या ओळींत बसवितो. आपल्या मंडळींत व्यभिचारी मनुष्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवितात. मजुरी बुडविणाऱ्यास कोणी दूर ठेविल्याचें मीं अद्याप पाहिलें नाहीं.

२. हक्क मागणें म्हणजे क्षमेचा भंग नव्हे

आतां माझी कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या मंडळीची सेवा करीत होतों, तेथें एक विधवा भगिनी होती. ती व तिची मोठी मुलगी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जिनांत कामास जात. एका वर्षीं हंगाम संपला तेव्हां दोघींची अडीच महिन्यांची मजुरी धन्याकडे राहिली. "बाजार पडला आहे, गांठी विकल्या कीं देतों," असें मुकादम सांगे. गांठी विकल्या गेल्या, पण मजुरी आली नाहीं. ती बाई माझ्याकडे आली. मीं तिच्याबरोबर प्रार्थना केली. मग करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढून तिला वाचून दाखविला आणि म्हटलें, "बाई, कोर्टकचेरी ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीं. धीर धरा." माझ्या मनांत आणखी एक गोष्ट होती, ती आज लपवीत नाहीं. आमच्या प्रार्थनामंदिराच्या छपराचे पत्रे त्याच धन्यानें दिले होते.

तिनें धीर धरिला. कानांतलीं फुलें मोडून तिनें वाण्याची उधारी फेडली. धाकट्या मुलाची शाळा सुटली. दुसरा हंगाम आला आणि गेला. शेवटीं जिनांतल्याच एका कामगारानें तिला सोबत करून कामगार-कचेरींत नेलें. त्या वेळीं मजुरी देण्याबाबतचा १९३६ चा कायदा चालू होता व त्याप्रमाणें अर्ज करण्याची मुदत बारा महिन्यांची होती. ती टळून दोन महिने होऊन गेले होते. योग्य कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास होता. त्यानें विचारलें, "बाई, इतके दिवस कां थांबलांत?" ती म्हणाली, "आमच्या पाळकसाहेबांनीं धीर धरा म्हणून सांगितलें." तें कारण पुरेसें ठरलें नाहीं. तिचा अर्ज निकालांत निघाला.

ती माझ्यावर रागावली नाहीं. पुढच्या रविवारीं नेहमींप्रमाणें उपासनेस आली व त्याच पत्र्यांखालीं बसली. उपासना झाल्यावर तिनें एवढेंच विचारलें, "पाळकसाहेब, लूकाच्या शुभवर्तमानांतली ती विधवा न्यायाधीशाकडे रोज जात होती ना? तिला प्रभूनें घरीं बस म्हणून सांगितलें का?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं सेमिनरींत त्या दाखल्यावर निबंध लिहिला होता. प्रार्थनेंत खचूं नये, हा त्याचा अर्थ मला ठाऊक होता, आणि तो खराच आहे. परंतु ज्या बाईच्या उदाहरणानें प्रभूनें प्रार्थना शिकविली, ती बाई न्याय मागण्यास न्यायासनापुढें जाणारी होती. न्यायाधीश देवाला भीत नव्हता व माणसाला जुमानीत नव्हता, तरी ती जातच राहिली. तिच्या चिकाटीस प्रभूनें दोष दिला नाहीं.

मग करिंथकरांच्या पत्राचें काय? मीं तो अध्याय पुन्हां नीट वाचला. तेथें एक ख्रिस्ती भाऊ दुसऱ्या ख्रिस्ती भावावर बाहेरच्यांच्या न्यायासनापुढें फिर्याद नेत होता. पौलानें त्यांची लाज काढिली. पण कसें म्हणून? भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा मनुष्य तुमच्यांत नाहीं काय, असें त्यानें विचारलें. म्हणजे तक्रार दाबून टाकावी असें त्याचें म्हणणें नव्हे. मंडळीनें निवाडा करावा असें आहे. अन्याय सोसण्याविषयीं तो बोलतो हें खरें. पण लगेच पुढच्या वचनांत, जे अन्याय करितात व आपल्याच भावांस नाडतात त्यांच्यावर त्याचा शब्द कडक उतरतो. मीं आधींचें वचन विधवेला वाचून दाखविलें. पुढचें वचन त्या धन्याला वाचून दाखविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. आणि तो धनी तर ख्रिस्ती भाऊही नव्हता. तेव्हां मंडळीच्या पंचांपुढें त्याला बोलावण्याचा मार्गही आम्हांस नव्हता.

आपला हक्क आपण होऊन सोडून देणें ही एक देणगी आहे, आणि देणगी मोकळ्या मनानेंच देतां येते. पाळकानें ती गरिबाकडून सक्तीनें देवविली, तर ती देणगी उरत नाहीं. शिवाय लेकरांच्या तोंडचा घास सोडून देण्याचा अधिकार आईला तरी कोठें आहे? पौलानें स्वतः मंडळीवरचा आपला हक्क आनंदानें सोडिला. तरी फिलिप्पै येथें चौकशीवांचून फटके मारून त्यास तुरुंगांत घातलें, तेव्हां अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर काढावें असा त्यानें आग्रह धरिला. आणि फेस्तापुढें न्याय मिळेना, तेव्हां त्यानें कैसराकडे दाद मागितली. क्षमा म्हणजे मनांतील वैर सोडणें. देणें बुडवूं देणें हा क्षमेचा अर्थ नव्हे. धनी चोरीच्या पैशावर उशी करून निजला असतां त्यास निजूं देणें ही त्याच्यावरची प्रीतिही नव्हे.

३. देवानें दिलेलें साधन

सत्ताधारी हा भल्यासाठीं नेमलेला देवाचा सेवक आहे, असें रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायांत आपण वाचतों. हा सेवक नेहमींच गरिबाच्या बाजूस होता असें नाहीं. १८५९ च्या तेराव्या कायद्याप्रमाणें उचल घेऊन कामावर न जाणाऱ्या कारागिरास व मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करून तुरुंगांत पाठवितां येत असे. मजुरी न देणाऱ्या धन्यास त्या कायद्यांत शिक्षा नव्हती. तो कायदा रद्द करणारा कायदा १९२५ सालीं झाला. १९३६ सालीं मजुरी वेळेवर देण्याबद्दल व मनमानेल तसे दंड कापण्याविरुद्ध कायदा झाला. १९४८ सालीं किमान मजुरीचा कायदा आला. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद होऊन, उचलीच्या कर्जापोटीं माणूस बांधून ठेवणें गुन्हा ठरलें. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, किमान मजुरीहून कमी देऊन काम करवून घेणें हीही राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें मना केलेली सक्तीची मजुरीच होय.

आतां १९३६ व १९४८ च्या कायद्यांच्या जागीं २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिच्यांतील चार गोष्टी प्रत्येक मजुरानें लक्षांत ठेवाव्या.

पहिली : रोजंदारीची मजुरी पाळी संपतांच, आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशीं आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याची सात तारीख संपण्यापूर्वीं दिला पाहिजे. कामावरून काढलें किंवा मजुरानें काम सोडलें, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. सूर्य मावळण्यापूर्वीं द्या, असें मोशेनें सांगितलें होतें. माणसांचा कायदा पुष्कळ शतकें चालून त्याच उंबऱ्याशीं येऊन पोंचला आहे.

दुसरी : मजुरी न मिळाल्यास किंवा कमी मिळाल्यास सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आंत अर्ज करितां येतो. मजुरानें तो स्वतः करावा किंवा आपल्या संघामार्फत करावा.

तिसरी : मजुरी दिली आहे हें सिद्ध करण्याचा भार धन्यावर आहे. "पैसे मिळाले नाहींत हें सिद्ध कर," असें मजुरास दटावतां येत नाहीं.

चवथी : अडविलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे, आणि धन्यानें हुकूम मानला नाहीं, तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें ती वसूल होते.

वकिलाच्या फीच्या भीतीनेंही पुष्कळ लोक घरीं बसतात. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें मोफत वकील मिळतो व त्यासाठीं तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. आमच्यांतील पुष्कळांस वाटतें कीं, आम्ही ख्रिस्ती झालों, आम्हांस अनुसूचित जातीचा दाखला नाहीं, म्हणून ही सोय आमच्यासाठीं नाहीं. हा गैरसमज आहे. कोणत्याही धर्माच्या स्त्रियांस, वेठीस धरिलेल्यांस, कारखान्यांतील कामगारांस व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांस ती सोय आहे. माझ्या त्या विधवा भगिनीलाही ती होती. तिला तें सांगणें माझें काम होतें.

४. मागणाऱ्यानें कसें मागावें

न्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे. आठ दिवस काम करून दहा दिवसांचा दावा लावूं नये. घेतलेली उचल नाकारूं नये. नात्यांतल्या माणसास खोट्या साक्षीस उभें करूं नये. भरपाई दहापटीपर्यंत मिळूं शकते म्हणून सुडाच्या आशेनें कचेरीची पायरी चढूं नये. यासाठीं रोजची टिपण ठेवावी : कोणत्या दिवशीं काम केलें, कोणता खाडा पडला, किती उचल घेतली, किती रक्कम हातीं आली. स्वतःस लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या लेकराकडून लिहवून घ्यावें. मुकादमाच्या वहींतील हजेरीच्या पानाचें मोबाइलवर छायाचित्र मिळालें तर घेऊन ठेवावें. कोऱ्या कागदावर मात्र कधींही अंगठा देऊं नये.

धनी ख्रिस्ती असेल, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील पायऱ्या आधीं चढाव्या. प्रथम एकट्यानें भेटून सांगावें, मग दोघे साक्षीदार नेऊन सांगावें, मग मंडळीस कळवावें. पंचांनींही तें प्रकरण महिनोन् महिने भिजत ठेवूं नये. कायद्याची मुदत चालूच असते. धनी अन्यधर्मी असेल, तरी पहिलें पाऊल सभ्यपणें समक्ष मागण्याचें असावें. तडजोडींत पुरी रक्कम मिळत असेल तर ती घेऊन शांतीनें घरीं यावें. तडजोड होत नसेल, तर अर्ज करण्यांत लाज नाहीं. अर्ज देऊन आल्यावर संध्याकाळीं त्या धन्यासाठीं प्रार्थनाही करावी. हीं दोन्ही कामें एकाच दिवशीं करतां येतात.

मंडळीनें अशा मनुष्यास एकट्यास जाऊं देऊं नये. ज्यानें कधीं कचेरीचें दार पाहिलें नाहीं, त्याचे पाय त्या दाराशीं जड होतात. एका वडिलानें त्याच्याबरोबर जावें, दुसऱ्यानें अर्ज लिहून द्यावा, आणि त्या दिवशीं त्याची मजुरी बुडते म्हणून मंडळीनें त्याच्या घरीं शेर दोन शेर धान्य पोंचवावें. कामावरून काढतील ही भीति खोटी नसते. अशा वेळीं ज्याच्या शेतांत काम असेल त्यानें प्रथम त्यास बोलवावें.

५. आपल्या घरापासून आरंभ

शेवटीं, आपल्याच घराकडे पाहूं. दुसऱ्या गालाची गोष्ट गरिबास सांगणें सोपें आहे. आपल्या हिशेबाची वही उघडणें कठीण. मंदिर झाडणाऱ्या माणसास त्याचा पगार वेळेवर मिळतो काय? गेल्या वर्षीं आमच्या येथें कमिटीची सभा भरली नाहीं, एवढ्याच कारणानें तो तीन आठवडे राहिला. तो कांहीं बोलला नाहीं. मीं त्याच्या न बोलण्यालाच संतोष समजलों. आपल्या शाळांतील शिक्षिका, बायबलबाया, स्वयंपाकीण, रखवालदार यांच्यांपैकीं कोणाचें देणें आपल्याकडे आहे काय? आपल्यांतील ज्या बंधूंस आतां शेती व दुकानें झालीं आहेत, त्यांनीं आपल्या गड्याचा हिशेब या शनिवारीं करावा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत धनी संध्याकाळ होतांच कारभाऱ्यास मजुरांना बोलावून मजुरी देण्यास सांगतो. स्वर्गाच्या राज्याचें जें चित्र प्रभूनें काढिलें, त्यांत उद्यां ये, असें कोणा मजुरास सांगितलेलें नाहीं. आणि जक्कय प्रभूस भेटला, तेव्हां त्यानें गाणें म्हटलें नाहीं. ज्यांचें नाडून घेतलें होतें त्यांस चौपट परत करण्याचें ठरविलें. त्यावरून प्रभूनें त्याच्या घरीं तारण आल्याचें सांगितलें.

त्या विधवा भगिनीची मजुरी आजपर्यंत मिळालेली नाहीं. मीं मंडळीपुढें तिची क्षमा मागितली आणि तिनें ती दिली. तें ऋण मीं पैशानें थोडें थोडें फेडिलें, पण तो पैसा माझा होता. ज्यानें द्यावयाचा त्यानें दिला नाहीं. म्हणून ती मजुरी अद्याप ओरडत आहे. उपासनेस उभा राहून मी डोळे वर करितों तेव्हां ते पत्रे दिसतात, आणि यहोयाकीमाच्या माड्या आठवतात. वाचकहो, तुमच्या गांवांत अशी एखादी हाक तुमच्या कानीं आली असेल, तर "देव पाहील" असें म्हणून दार लावूं नका. देव पाहतच आहे. त्या गरिबास कचेरीपर्यंत सोबत कोण करितो, हेंही तो पाहत आहे.

प्रार्थना : हे सेनाधीश परमेश्वरा, ज्यांची मजुरी अडली आहे त्यांची हाक तुझ्या कानीं आहे, ती आमच्याही कानीं पडूं दे. मजुरांस सत्य व धैर्य दे, धन्यांस तुझें भय दे, न्याय करणाऱ्यांस सरळ मन दे. आम्हीं ज्यांस गप्प बसविलें त्यांची आम्हांस क्षमा मागतां येवो. आमच्या हातीं दुसऱ्याचें कांहीं असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत करण्याची आम्हांस कृपा दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.